सोळा पानांची मुभा

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि उशीचे अभ्रे एकाच दिवशी पोचले. एका अभ्र्याचे काज बटणापेक्षा मोठे झाले आहे. कारखान्यात दिवसभर काजे करणाऱ्या बाईच्या हातून हे व्हावे, याची फक्त नोंद करतो, तक्रार नाही.

आप्पांची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. बोलणे नाही. डावा हात चालतो, चमचा धरता येतो, पण तोंडापर्यंत नेताना विसरतात. दर दोन तासांनी कूस बदलतो. डावी, पाठ, उजवी. प्रत्येक वेळ वहीत लिहितो.

दिवसभर त्या खोलीत मी करतो काय, असे तू विचारलेस. वाचतो. बाइंडिंगच्या कारखान्यातले फोरमनकाका मला छपाईत बाद झालेले फर्मे देतात. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी, तिची पाने सोळा. आप्पांनी तीस वर्षे अशा घड्या घातल्या आणि मी आठ वर्षे त्या शिवल्या, पण आत काय आहे ते दोघांनीही कधी पाहिले नाही. बाइंडरने पुस्तक काठाने पाहावे, आत पाहणारा मागे पडतो, असे आप्पा म्हणायचे, हे तुलाही आठवत असेल. आता मी आत पाहतो. एक कूस, एक फर्मा, असा नियम केला आहे. सध्या बेटावर पक्षी मोजायला गेलेल्या माणसाची गोष्ट चालू आहे. तिचा सातवा फर्मा माझ्याकडे नाही. सहाव्यात तो धडधाकट आहे आणि आठव्यात एकदम लंगडतो. मी समजून घेतो. सोळा पाने मी त्या बेटावर असतो, मग उठून आप्पांना वळवतो आणि ते जड वाटत नाही.

हे सगळे लिहिले ते पुढचे लिहायला धीर यावा म्हणून. मागच्या मंगळवारी मी नववा फर्मा संपवून तसाच दहावा घेतला, मग अकरावा. आप्पा पावणेपाच तास पाठीवर राहिले, आणि खालचे ओले होते. आता माकडहाडावर कोटाच्या बटणाएवढी जखम झाली आहे. नर्सबाई एक दिवसाआड मलमपट्टीला येतात. वहीत त्या दिवशी मी एक वेळ खोटी लिहिली होती. ती खोडून खरी लिहिली आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव. लोभ कमी झाला तर तसे स्पष्ट कळवावे.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. वेलांटीशास्त्री यास,
ताईचे आशीर्वाद, आज जरा कडक.

पत्र वाचलं आणि मशीनवर तीन शर्टांची काजं चुकवली. सुपरवायझरने विचारलं की बाई, डोळे कुठे आहेत. काय सांगू, भावाने बापाला पाठीवर टाकून पक्षी मोजले, म्हणून?

तुला नववीत शाळेतून काढलं तेव्हा मीच रडले होते, हे खरं आहे. पण आता राहिलेली शाळा तू आप्पांच्या उशाशी भरवणार असशील तर ते मला चालणार नाही. तो माणूस ओरडू शकत नाही, रे. ओरडता आलं असतं तर पहिल्याच फर्म्याला तुझा कान धरला असता.

इथे माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून एक शुश्रूषागृह आहे. मी जाऊन चौकशी केली. स्वच्छ आहे, दर दोन तासांनी माणूस येतो. सध्या खाट रिकामी नाही, नाव लिहून आले. तुला जमत नसेल तर तसं सांग, त्यात लाज नाही. जमत असेल तर ते गठ्ठे कारखान्यात परत कर. आप्पांची पाठ आणि तुझी गोष्ट, यातलं एक निवड.

काज मोठं झालंय ते मुद्दाम केलंय. तुझ्या बोटांना घाई असते.

जेवत जा. माझा जीव तुम्हा दोघांत आहे, तो काही कमी होत नाही.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फर्मे परत केले. फोरमनकाकांनी ते मोजून घेतले. पाठीमागच्या फळीवर ठेवतो म्हणाले.

त्यानंतर एकही कूस चुकलेली नाही. वहीचे शेवटचे पान सोबत उतरवून पाठवले आहे. जास्तीत जास्त फरक तीन मिनिटांचा आहे. जखम होती तेवढीच आहे.

मी खुर्चीत बसतो आणि घड्याळ पाहतो. मलमाच्या नळीवर जे छापले आहे ते मला पाठ झाले आहे. कापसाच्या पिशवीवर कारखान्याचा पत्ता आहे, तोही. समोरच्या भिंतीचा रंग खिडकीखाली एक वीत उतरला आहे. बाकी लिहिण्यासारखे काही घडत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते. परवा सकाळी आप्पांना ठसका लागला आणि बराच वेळ थांबला नाही. मी त्यांना उठवून बसवले, पाठ चोळली, सगळे नीट केले. पण त्या वेळी मला भीती वाटली नाही. थांबला तेव्हा बरेही वाटले नाही. नंतर पाहिले तर साबण हातात धरून मी मोरीशी उभा होतो, आणि नर्सबाई मागून विचारत होत्या की किती वेळ असे उभे आहात. तुमचे ते कागद कुठे गेले, असेही त्यांनी विचारले.

काळजी करू नकोस. वेळा सगळ्या बरोबर आहेत.

लोभ असेलच, असे धरून चालतो.

धाकटा


२१ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

नर्सबाईंचा मला कारखान्यात फोन आला होता. त्या जे म्हणाल्या ते तुला सांगणार नाही, तू त्यावर विचार करत बसशील. दहा दिवसांची रजा काढली आहे. रविवारी येते. तू मला एक तास सगळं दाखवायचं आणि त्याच दुपारी निघायचं. माझ्या खोलीची किल्ली घरमालकीणबाईंकडे आहे. त्या बोलायला लागल्या की हो म्हणत जिने चढायचे, नाहीतर संध्याकाळ होते.

कोपऱ्यावर वाचनालय आहे. माझ्या नावाने पुस्तक देतील. मी कधीच आणलं नाही, त्यामुळे माझी पत चांगली आहे. पाहिजे ते वाच, अख्खं वाच, सातव्या फर्म्यासकट.

नाही म्हणू नकोस. मी थोरली आहे.

ताई


२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या टेबलावर बसून लिहितो आहे. घरमालकीणबाईंना हो म्हणत जिने चढलो, तरी त्यांच्या तिन्ही जावयांची माहिती मिळाली.

पहिल्या दिवशी वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली. शिवण पाहिली, चांगली आहे. मग खुर्ची खिडकीपाशी ओढली, दार लावले आणि बसलो. दिवसभर कोणी हाक मारणार नव्हते. मी पहिले पान वाचले. ते संपल्यावर लक्षात आले की काहीच वाचलेले नाही. पुन्हा वाचले. तीन दिवसांत चार पाने झाली आहेत आणि त्यातला माणूस कोण, हे मला विचारू नकोस. दर दोन तासांनी मात्र मी आपोआप उभा राहतो. उभा राहिल्यावर करायला काही नसते, मग तुझी इस्त्री सरळ करून ठेवतो.

मला आप्पांची आठवण येत नाही. हे लिहिताना हात थांबला, पण खरे आहे. फक्त ते कुठल्या कुशीवर असतील हे सतत डोक्यात असते.

डाव्या कुशीवर गुडघ्यांमध्ये छोटी उशी ठेव, मोठी नको. औषधाची गोळी अर्धी करताना सुरीने नको, नखाने कर.

लोभ आहे तिथे असू द्यावा.

धाकटा


३१ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. आज कडक नाहीत.

तीन दिवस मी तुझ्या वहीप्रमाणे अगदी शिपायासारखी वागले. चौथ्या दिवशी दुपारी मला वाटलं की त्या भिंतीचा उडालेला रंग आता मी खरवडून खाईन. फोरमनकाका आप्पांना पाहायला आले होते. त्यांना म्हटलं, ते कागद असतील तर द्या. त्यांनी गठ्ठा आणून दिला आणि सातवा कुठूनसा शोधून घातला.

तुला ठाऊक आहे, मी आयुष्यात गोष्टीचं पुस्तक धरलं नाही. एक फर्मा वाचला. दुसरा वाचला. वर पाहिलं तर कूस बदलायची वेळ सव्वा तासापूर्वी होऊन गेली होती. आप्पांना वळवलं, टॉर्च लावून पाठ पाहिली. जखम होती तेवढीच. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की जखम एका दुपारची नसते. गादी मधोमध बसली आहे आणि आप्पांच्या अंगावर मांस राहिलेलं नाही, हे त्यांनी तुला दोनदा सांगितलं होतं म्हणे. तू ऐकलं असशील, पण मनात धरलं नसशील. नवी गादी आणली आहे. तुला जे लिहिलं होतं ते मी मागे घेते. निवड म्हणाले होते ना, ते.

आणखी एक. मी वाचत होते तेव्हा फर्मा खाटेच्या कडेला टेकला होता. आप्पांनी डावा हात पुढे केला आणि अंगठ्याचं नख घडीवरून खालपर्यंत फिरवलं. सावकाश, अगदी कामावर असल्यासारखं. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. तू वाचतोस तेव्हा असंच करतात का? तू कधी लिहिलं नाहीस.

शुश्रूषागृहाचा निरोप आला. खाट रिकामी झाली आहे. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. मी तुला काही सुचवत नाही. या खोलीत नऊ दिवस काढल्यावर तो अधिकार मला राहिलेला नाही. आणखी आठवडाभराची रजा मागितली आहे, मिळेल.

माया आहे, ती कुठल्याही उत्तराला आहे.

ताई


३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र सलग वाचले. इथे आल्यापासून सलग वाचलेले तेवढेच.

आप्पांच्या अंगठ्याचे विचारलेस. मला माहीत नाही. रोज करत असतील, किंवा तुझ्यापुढे पहिल्यांदा केले असेल. मी वर पाहिलेच नव्हते. वहीत कूस, औषध, लघवी सगळे आहे. ते कुठे पाहतात, हा रकाना मी आखला नव्हता.

शुश्रूषागृहाला नाही कळव. पण मायेपोटी नाही म्हणाला, असे कोणाला सांगू नकोस. माया किती उरली आहे हे मला सध्या कळत नाही. चाचपून पाहिले तर हाताला काही लागत नाही. एवढे मात्र कळले की इथे वेळ पडून आहे आणि मला वाचता येत नाही, तिथे वेळ नाही आणि येते. कारण चांगले नाही, पण आहे ते हेच.

दुसरे, तू दर तीन महिन्यांनी दहा दिवस येशील का? हे मी आजवर मागितले नाही, कारण तू आपणहून म्हणशील असे वाटायचे. त्यात चूक माझी आहे. आता मागतो.

रविवारी दुपारी पोचतो. तू लगेच निघू नकोस. दोन दिवस तरी आपण दोघेही त्या खोलीत असू. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने आप्पांकडे पाहत राहावे. पाहण्याची पहिली पाळी माझी.

कळावे. लोभ मागायचा राहून गेला होता, तो आता मागतो.

तुझा,
धाकटा