बत्तीस इंचांपर्यंत

दि. ६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्राची सुरुवात अशी करायची असते, म्हणून केली. वहिनीला नमस्कार सांग.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्येच बोलत नाही. दवाखान्याच्या काउंटरवर बसून लिहिते आहे. आत डॉक्टरीणबाई कुणाची तरी दाढ कोरतायत. तो आवाज आज मला बरा वाटतोय.

तुझी यादी मिळाली. टीव्हीची. बत्तीस इंच, त्याहून मोठा नको. वजनाला हलका. भिंतीवर लावायची पट्टी बरोबर. रिमोटवर बटणं थोडी. रक्कम ठरलेली, तिच्यावर एक पैसा नाही. आणि शेवटी, 'बाबांना बरोबर ने, त्यांना बरं वाटेल.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. चारही वेळा तुझं डोकं फोडावंसं वाटलं.

नेलं त्यांना. शनिवारी.

उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. शर्टाची एक बाही मी कात्रीनं उसवली तेव्हा तो अंगात गेला. निघायच्या आधी त्यांनी मोजपट्टी काढली, टोक मला भिंतीला धरायला लावलं आणि आपल्या खुर्चीपर्यंत मागे मागे गेले. "सव्वादोन मीटर," म्हणाले. "बत्तीस लहान पडेल. त्रेचाळीस पाहिजे."

"दादानं बत्तीस सांगितलाय."

"दादा या खुर्चीत बसणार आहे का?"

टीव्ही या खुर्चीसमोर लागणारच नाही, हे सांगू? वृद्धाश्रमाच्या नियमावलीतलं अकरावं कलम वाचून दाखवू? 'रहिवाशांना खोलीत स्वतःचा टीव्ही ठेवता येईल, बत्तीस इंचांपर्यंत.' त्या ओळीखाली तू पेननं रेघ मारून पाठवलीस. पुढच्या एक तारखेपासून तिथली एक खाट बाबांच्या नावावर आहे. हे ठाऊक असलेली माणसं तीन. तू, मी आणि तिथला व्यवस्थापक. ज्याला जायचंय तो मोजपट्टी गुंडाळत होता.

तू म्हणालास, आधी टीव्ही दे, मग सांग. लहान मुलाला सुई टोचायच्या आधी गोड गोळी देतात तसं. दादा, ज्यानं चाळीस वर्षं गावभरचे टीव्ही दुरुस्त केले त्याला तू टीव्हीची लाच देतोयस. तीही यादी करून.

दुकानात भिंतभर टीव्ही. साठ-सत्तर पडदे, आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. विक्रेता माझ्या वयाचा, टाय लावलेला. माझ्याशीच बोलत होता. बाबांकडे हनुवटी उडवून म्हणाला, "आजोबांसाठी बघायचाय का?"

"आजोबांना ऐकू येतं," बाबा म्हणाले.

"सॉरी, काका. हा बघा. स्मार्ट आहे."

"उलट उत्तरं देतो का? तशी एक आहे घरात."

तो हसला. मी नाही हसले.

"मागून दाखवा."

"मागे काही नसतं, काका."

"सगळं मागेच असतं."

त्यानं टीव्ही फिरवला. बाबांनी डावा तळवा पाठीवर टेकवला, आपल्याला ताप आला की कपाळावर टेकवायचे तसा. "बिघडला तर?"

"आत पॅनेल असतं. ते गेलं की दुरुस्त करण्यापेक्षा नवाच परवडतो."

बाबा वाकून बघत राहिले. "स्क्रू तर दिलेत," म्हणाले. "नऊ."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ते पुढच्याकडे गेले, मग त्याच्या पुढच्याकडे. कोपऱ्यात एक त्रेचाळीस इंची होता. सहा महिने दुकानातच चालू ठेवलेला, म्हणून किंमत उतरवलेली. तरी तुझ्या रकमेच्या वरच. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. "मासा काढा. नुसता पांढरा पडदा लावा."

विक्रेत्याला ते जमायला पाच मिनिटं लागली. पडदा पांढरा झाल्या झाल्या बाबा म्हणाले, "डावीकडे, वरून चार बोटं खाली. ठिपका मेलाय."

विक्रेत्याला दिसेना. मला दिसेना. त्यानं फडकं घेऊन पुसलं. ठिपका हलला नाही. तेव्हा दिसला. काळा, मुंगीच्या डोक्याएवढा.

"आणि आम्ही आत आलो तेव्हा," बाबा म्हणाले, "दाराजवळच्या बाईंना तुम्ही याचीच किंमत कमी सांगितलीत. निळी पिशवी होती त्यांच्याकडे. बोलावू का?"

विक्रेता मालकाकडे गेला. परत आला तेव्हा त्रेचाळीस बत्तीसच्या भावात उतरला होता.

हा माणूस विसरतो, दादा. तुझ्याकडे तसा डॉक्टरांचा कागद आहे. त्या कागदावर तू खाट मिळवलीस. हा माणूस, ज्याला परक्या बाईच्या पिशवीचा रंग तासाभरानंतर आठवतो.

मी तो त्रेचाळीसचाच घेतला. घरी आला, खुर्चीसमोरच्या भिंतीवर लागला. एका हातानं बाबांनी त्या बसवणाऱ्याला इतक्या सूचना केल्या की तो म्हणाला, तुम्हीच लावा. आता व्यवस्थापकाला कळव, अकरा इंच जास्त झालेत.

जुना टीव्ही कशानं गेला, हात कशानं मोडला, हे तू सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंस. मामांनी मला विचारलं, "आता ओळखतात ना गं तुला?" त्यावर मी या पत्रात काही लिहिणार नाही. पेशंट आलाय.

रागावलेली,
फ्यूज

(बाबांनी दिलेलं नाव तुझ्या ध्यानात असेल, तर ते का दिलं तेही असेल.)


दि. १७ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. अर्धं पान.

टीव्ही बदलून घे. रविवारी भंगारवाला येईल, त्याला बाबांचं कामाचं टेबल, मीटर, सुट्या भागांचे डबे, सगळं देऊन टाक, म्हणजे परत कशात हात घालायला नको. आणि हे: 'ज्यानं आपल्याला जन्मभर तार लाव, तार लाव म्हणून शिकवलं, तो स्वतः तार लावायला विसरला. तुला अजून काय पुरावा हवा?'

पुरावा मी देते.

तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे सगळं एका जागी राहील. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. पाठ उघडली की आधी ती उतरवायची. तारेचं एक टोक स्क्रूड्रायव्हरला बांधलेलं. दुसऱ्या टोकाला चिमटा, तो टीव्हीच्या लोखंडी सांगाड्याला लावायचा. चिमट्याची जागा पलीकडे, बसल्या ठिकाणाहून बाबांना दिसत नाही. लहानपणी तू टॉर्च धरायचास आणि मी चिमटा लावायची. ते विचारायचे, "तार?" मी म्हणायची, "लावली." त्याशिवाय त्यांनी नळीजवळ हात नेला नाही. एकदाही नाही.

त्या दिवशीही विचारलं.

मी फोनवर होते. तुझ्याशी. तू म्हणत होतास, तो डबा फेका, नवा घ्या, पैसे पाठवतो. मी म्हणत होते, पैसे पाठवतोस, कधी स्वतःला पाठव. आपलं नेहमीचं. बाबांनी टेबलावरून विचारलं, "तार?" मी तुला म्हटलं, थांब जरा. त्यांना म्हटलं, "लावली."

चिमटा टेबलाच्या पलीकडच्या कडेवरून लोंबत होता, त्यांना दिसणार नाही असा. मी वळून बघितलंही नव्हतं. त्यांना एकदाचं उत्तर द्यायचं आणि तुझ्याशी भांडण पुरं करायचं, एवढंच डोक्यात होतं.

मग आवाज झाला. तू विचारलंस, "काय पडलं?" बाबा पडले होते. झटक्यानं स्टुलावरून मागे फेकले गेले, हात मनगटात मोडला. स्क्रूड्रायव्हर नळीच्या मानेवर आदळला, काच फुटली आणि टीव्ही संपला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तार लावायला विसरलो." डॉक्टरांनी वय विचारलं आणि लिहून घेतलं. मला वाटलं, झटक्यामुळे त्यांना आधीचं आठवत नाहीये. वाटलं नाही, वाटून घेतलं. पुढे तू तो कागद मागवलास, मी पाठवला. पाकिटाला तिकीटही मीच चिकटवलं.

मी गप्प का बसले तेही लिहिते. बारा वर्षं मी सकाळी त्यांचा डबा करून, औषधं काढून ठेवून इथे येते, आणि संध्याकाळी घरात पाय ठेवताना आधी कानोसा घेते, आतून काही आवाज येतोय का. तू खाटेचं बोललास तेव्हा मी फोनवर आरडाओरडा केला. फोन ठेवला आणि माझ्या मनात आलं, कपाट कुठे हलवता येईल. पुढच्या खोलीत, बाबांच्या टेबलाच्या जागी. तुझ्यावर येतो त्यातला अर्धा राग हा माझ्यावरचा आहे. तुला फुकट मिळत होता. इतकी वर्षं घेतलास, हाही घे.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. खाट, एक तारीख, कलम. मग तार. ते बातम्या बघत होते. आवाज कमी केला, बंद नाही केला.

"माहीत आहे," म्हणाले. "तू लावली म्हणालीस."

"मग डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

"माझं वय विसरायचंच आहे. तुझं नाही."

"आणि खाटेचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझी पिशवी उघडी होती. नियमावली वाचली. छपाई वाईट आहे." मग रिमोट खाली ठेवत, "म्हणून तर त्रेचाळीस घेतला."

मी त्यांच्यावर ओरडले, दादा. इतकी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. म्हटलं, माझी चूक तुम्ही पांघरून बसायची नाही. म्हटलं, तुम्हाला वेडं ठरवून खोलीत टाकलं असतं तरी तुम्ही असेच मजेत टीव्ही मोजत बसला असतात का? ते म्हणाले, "हळू बोल, शेजारी ऐकतील." म्हटलं, ऐकू देत. माझं नाव घेऊन ऐकू देत. ते प्लास्टरच्या हातानं रिमोट उचलायला गेले, जमलं नाही. मी उचलून दिला नाही. राग इतका होता.

रविवारी भंगारवाला आला. मी दारात हात आडवा लावला. तो म्हणाला, "ताई, तुमच्या भावानं सांगितलंय." म्हटलं, भावाला न्या मग, वजनाला बरा भरेल. बाबा आतून म्हणाले, "जुने स्पीकर असतील तर आणत जा हो इकडे."

काल अर्धी रजा टाकली आणि त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. जे झालं ते बाबांच्या समोर सांगितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरांनी त्यांना वीसेक प्रश्न विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. डाव्या हातानं काढलं, काटे सरळ आले. पाचेक मिनिटांनी बाबा म्हणाले, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग जायला आलंय." नवा कागद सोबत जोडला आहे. जुन्याच्या जागी हा ठेव. व्यवस्थापकालाही एक प्रत पाठवली, खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. मामांना तू फोन करायचास. मी करणार नाही. तू केलास का, हे मात्र मी विचारणार आहे.

माझी बारा वर्षं हा वेगळा हिशेब आहे. तो टीव्हीत आणि खाटेत बसणार नाही. त्यासाठी तू इथे येऊन, समोर बसून, माझं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आहेस.

तू येशील. एवढं वाचल्यावर माणूस पैसे पाठवत नाही. आलास की मला टाळून बाबांना आत घेऊन जाशील आणि विचारशील, खरं काय झालं. ते तुझ्या डोळ्यांत बघून सांगतील, मी विसरलो. शांतपणे सांगतील. तुला पटेल, कारण ते पटवून घेणं किती सोपं असतं, मी करून बसले आहे. म्हणून हे शाईनं लिहून ठेवते. त्यांचं ऐकू नकोस.

तार न बघता 'लावली' म्हणाली ती,
तुझी बहीण