गिरणीचं अंगण

३ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

आज पुन्हा तेच रामायण! आमचे हे — शमशोन — म्हणतात, घर विकू आणि तामारकडे पेताह तिक्वाला जाऊ. यांचे गुडघे गेलेत, तीन जिने चढवत नाहीत. लेक तिकडे, नातवंडं तिकडे. सगळं खरं. पण मुंबई सोडून इस्राएलात आल्यापासून ह्या दिमोनात माझा जन्म गेला, त्याचं काय?

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आणा, मी पेटी भरते. शब्द दिला!" म्हणायला माझं काय जातंय? कापडगिरणी बंद पडल्यापासून इथून लोक जातात, येत कुणी नाही. आमच्याच जिन्यात अर्धी घरं कुलपात. पाटी लावून दोन वर्षं झाली, बघायलासुद्धा कुणी फिरकलं नाही.

देवा, असंच राहू दे.

५ नोव्हेंबर

म्युनिसिपालिटीकडून एक पोरगी आली. हादार. तेल अविवची, केस बॉयकट. गिरणीचं बंद आवार गावासाठी उघडायचंय म्हणे, आणि तिथं काय करायचं ते गावानंच सांगायचं. "तिथे काय काय होतं, शोशाना?" तिनं विचारलं. झालं! मी सुरू झाले.

भोंगा सांगितला. कापड विणायच्या साच्यांची खडखड सांगितली — आम्ही मुंबई-ठाण्याच्या बायका ओठ बघून बोलायचो, ऐकू कुठं यायचं! जेवणाच्या सुट्टीत निलगिरीखाली डबे. माझं आंब्याचं लोणचं मोरोक्कोच्या अहुवाला, तिचे ऑलिव्ह मला. आणि तू बिश्वातला, झाडांच्या सणाला, माल चढवायच्या ओट्यावर चादर अंथरून मलिदा — गोड पोहे, नारळ, खजूर, पाच फळं, आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन. रोमानियाचा मुकादम आधी नाक मुरडायचा, मग दोनदा मागायचा!

पोरगी चहा गार होईस्तोवर ऐकत होती. मला किती वर्षांनी कुणी ऐकलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

सभा झाली. सगळं गाव जमलं. हादारनं विचारलं, गिरणीचं जुनं कँटीन कोण चालवणार? सगळे म्हणाले, शोशाना! मी म्हटलं, "नको नको, माझ्याच्यानं कुठं होतंय आता."

ती म्हणाली, "ठीक आहे." आणि पुढच्या विषयावर गेली!

ठीक आहे? अगं, दुसऱ्यांदा तरी विचार! कँटीन बेर शेवाच्या कुणा कॉफीवाल्याला दिलं. तिथल्या तिथं. मी तोंडात मारल्यासारखी बसून राहिले. आपली माणसं खाली मान घालून बसलेली. त्यातल्या निम्म्यांनी त्याच संध्याकाळी काही ना काही "नको नको" म्हणून घालवलं होतं. अहुवाला विचारल्याबरोबर ती "हो" म्हणाली. तिला बगीचा मिळाला.

१६ नोव्हेंबर

हे हसतायत. सकाळपासून! "चाळीस वर्षं झाली ह्या देशात, अजून आग्रहाची वाट बघतेस?" मी दोन्ही वेळा उप्पीट वाढलं. 

२४ नोव्हेंबर

राहवेना. गेले हादारकडे.

"पण तू नाही म्हणालीस!"

"पहिल्या झटक्याला हो म्हणायला मी काय उपाशी आहे? आमच्यात तीनदा विचारतात!"

ती बघतच राहिली. मग पोट धरून हसली. मग मला पाणी दिलं आणि म्हणाली, "कँटीन गेलं, शोशाना. पण तुला काय हवंय? सरळ सांग." सरळ सांगायचं म्हणजे लाज वाटते हो! तरी सांगितलं. ओटा पाहिजे. तू बिश्वातचा मलिदा पाहिजे. आपल्यापुरता नाही — गावजेवण.

"दिला," म्हणाली.

मी घरी येताना गाणं म्हणत आले. ह्या वयात!

७ जानेवारी १९९९

रोज आवारात. भिंती धुतल्या. गिरणीच्या लाकडी पेट्यांची बाकं केली. अहुवा माती उकरते आणि मला शिव्या देते, पूर्वीसारखीच. आज एक पेटी उचलली तर खाली सुताचा गुंता निघाला, निळा. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या. अहुवानं तो एप्रनच्या खिशात घातला. मला रडू आलं, तिलाही आलं. मग तिनं मला फावडं दिलं.

हेसुद्धा उतरतात आता. दर जिन्यावर थांबत, पण उतरतात. "घर विकायचं" हे शब्द महिनाभर तोंडात नाहीत! जिंकले मी.

१ फेब्रुवारी, सोमवार. तू बिश्वात

काय लिहू? हात दुखतायत. घमेलंभर पोहे भिजवले, पुरले नाहीत.

अश्दोदहून बस भरून आली. जुन्या साचेवाल्या — काठ्या घेऊन, चष्मे लावून — ओट्याला हात लावून लावून बघत होत्या. तामार पोरांना घेऊन आली. एलियाहू हन्नाबीचं गाणं मराठीतून सुरू झालं. पोरांना शब्द येत नव्हते, तरी टाळ्या वाजवत होती. रशियाहून आलेली नवी कुटुंबं, विद्यार्थी, कुठकुठली माणसं. सगळ्यांना मी माझ्या हातानं वाढलं. कॉफीवालासुद्धा ताटली घेऊन रांगेत! त्याला जरा कमी वाढलं.

गिरणी चालू होती तेव्हासुद्धा एवढी माणसं ह्या आवारात पाहिली नव्हती. मी आज फार सुखात आहे. इथून मला आता कुणी हलवू शकत नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दार वाजलं. एक तरुण जोडपं, दोघं शाळेत शिकवतात. सोमवारी मलिद्याला आली होती. माझ्याच हातचं खाल्लं होतं. असं जितंजागतं गाव कुठं मिळणार, इथंच घर घ्यायचं, असं त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्याच ठरवलं. बायकोला सातवा महिना. खिडकीतून तिनं आवार पाहिलं आणि नवऱ्याचा हात धरला.

हे माझ्याकडे बघत होते. 

मीच म्हटलं, "पेसाहच्या सणानंतर घर मोकळं करून देते."