पुढे मोटार बंद

नगर, भांडेबाजार
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६८

राजमान्य राजेश्री रंगनाथराव मेहुणेसाहेब यांसी भांडेबाजारातून आसारामचा वाकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी खुशाल नाही. बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. तुमची प्रकृती, वहिनींची कंबर, कोपरगावचा ऊस आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली तुमची जीपगाडी ही सगळी ठणठणीत असावीत. (जीपगाडीची चौकशी शेवटी केली म्हणून राग मानू नये. मनात तीच पहिली होती.)

भाऊबीजेला जे झालं त्याबद्दल तुम्ही अजून फुगलेले आहात असं ऐकतो. तुम्ही हौसेनं मोटार घेऊन बहिणीकडे आलात, बाजाराच्या तोंडाशी आमची पाटी होती, मी म्हणालो, गाडी इथेच ठेवा आणि चार पावलं चालत चला. त्यावर तुम्ही भर रस्त्यात म्हणालात, "दाजी, भावाला अडवनारी पाटी मी पयल्यांदाच पाहिली," आणि धुरळा उडवत आल्या वाटेनं गेलात. घरात तुमची बहीण निरांजन लावून बसली होती. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला मी अडवलं की पाटीनं? मी तर नुसता पाटीशेजारी उभा होतो. बाजारकमिटीचा अध्यक्ष दुसरीकडे कुठे उभा राहणार? (उठून आलो. गिऱ्हाईक आलंसं वाटलं, पण कुत्रं होतं.)

मोटारींशी माझं वैर नाही. लढाईत लष्करी लॉऱ्या आमच्या बाजारातून जायच्या आणि दुकानापुढच्या माझ्या पितळी घागरींची उतरंड कोसळायची, तेव्हा मी म्हणायचो, लढाई आहे, सोसलं पाहिजे. पण लढाई संपली तरी लॉऱ्या संपल्या नाहीत! लिलाव निघाले आणि ज्याला काल बैल वळवता येत नव्हता तो आज मोटार वळवायला लागला, आणि वळवायला जागा म्हणून प्रत्येकाला माझं दुकान सापडलं. (हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही बैलही उत्तम वळवता.) म्हणून आम्ही दुकानदार एक झालो, अर्ज केले, हेलपाटे घातले, आणि आमच्या रस्त्यावर मोटारी नकोत अशी परवानगी आणली. आता बायामाणसं मधोमध उभं राहून भाव करतात, घागर वाजवून बघतात आणि न घेता जातात, पण शांतपणे जातात. हे सुख मी हातचं जाऊ देणार नाही.

पाटी मात्र मीच लिहिली. दुकानाची एक जुनी फळी पडून होती, ती अरुंद, तिच्यावर तीनच शब्द बसले: "पुढे मोटार बंद". तुमची बहीण म्हणत होती, "मोटारीस मनाई" लिहा. मी म्हणालो, मनाई हा कचेरीतला शब्द, आपल्या बाजाराला शोभत नाही. बंद म्हणजे बंद, त्यात शंका कोण काढणार? शंका रज्जाकनं काढली.

हा रज्जाक गुळाच्या ढेपा भरून लॉरी आणतो. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, पाटीपुढे थांबला, पाटी वाचली, आणि मुकाट्यानं इंजिन बंद केलं. मला बरं वाटलं. मग तो खाली उतरला, आठ-दहा हमाल गोळा केले आणि लॉरी ढकलत बाजारात घेऊन आला! मी धावत आडवा गेलो. तो घाम पुसत म्हणाला, "शेट, पाटी तुमीच लिवली ना? मोटार बंद. ही बघा, बंद हाय." मी मागे वळून पाटी पुन्हा वाचली. तीन शब्दांतला एकही त्यानं मोडला नव्हता, आणि मोडण्यासारखे तेवढेच होते.

आमच्या दुकानापाशी रस्ता जरा उतरता आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, हमालांना नव्हतं. चालू लॉरी निदान गुरगुरते तरी. बंद लॉरी मांजरीसारखी येते. रज्जाक ब्रेक लावायला धावला आणि लॉरी नेमकी माझ्या उतरंडीला टेकून थांबली. घागरी गडगडत साऱ्या बाजारभर झाल्या. एक तर समोरच्या गनीभाईंच्या अत्तराच्या दुकानात शिरून पाहुण्यासारखी गादीवर जाऊन बसली. तिला अजून हिन्याचा वास येतो. तिच्यातलं पाणी कोण पिणार?

तेव्हापासून मला चैन नाही. ज्याला त्याला ती पाटी वाचता यायला लागली आहे. रोज कोणी ना कोणी मोटार बंद करतो, हमाल ढकलतात, पोरं नाचतात, आणि पूर्वी जी गाडी क्षणात निघून जायची ती आता माझ्या दारापुढे तासभर रेंगाळते. कमिटीची सभा झाली. गनीभाई म्हणाले, "आसारामशेट, शब्द बदलून टाका, त्यात काय अब्रू जाते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. जाते हो, पण माझी जाते, त्यांची कुठे जाते?

त्यात छबूचं लग्न तोंडावर आलं. तुमची भाची म्हणून सांगतो, पोरगी सोन्यासारखी आहे, बेलापूरचं स्थळही चांगलं आहे, पण व्याही मच्छिंद्रराव हट्टाला पेटले आहेत. नवरदेव मोटारीतूनच येणार म्हणे, आणि मोटार मांडवाच्या दारापर्यंत आली पाहिजे. नाहीतर वरात पाटीपाशीच उभी राहील. मांडव माझ्या दारात, दार बाजारात, बाजार मोटारींना बंद, आणि तो बंद करणारा मी! आता पोरीला दाराशी उभी करून मी कोणाची समजूत काढू? रोज पाटीपर्यंत चालत जातो, तिच्याकडे बघतो आणि परत येतो. (आत्ताही जाऊन आलो.)

असो. तुमचा वेळ घेतला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्या रागालाही माझा रामराम सांगावा.

आपला,
आसाराम

ता. क. पत्र फक्त खुशालीसाठी होतं, पण जागा उरली म्हणून लिहितो. लग्नाला तुमची जीपगाडी घेऊन या. पाटीपाशी थांबा, रज्जाकसारखी मोटार बंद करा, नवरदेवाला आत बसवा, पुढचं मी बघतो. ढकलायला पहिला हात माझा लागेल. नियमही मोडणार नाही आणि वरातही अडणार नाही.

आणखी ता. क. पाटीचे शब्द बदलायचं काम अध्यक्षाच्या अधिकारात मी लग्न होईपर्यंत पुढे ढकललं आहे. कारण रंग वाळत नाही असं सांगितलं. कृपया तुम्हीही तेच सांगावं.

आता पत्र पाकिटात घालायला तुमच्या बहिणीकडे देतो.

दादा, मी बनू. पाकीट डकवायला देऊन हे पुन्हा पाटी बघायला गेलेत, तवर लिहिते. बेलापूरवाल्यांनी मोटार मागितलीच न्हाई. ते बिचारे घोड्याचं विचारत हुते. हेच छाती फुगवून म्हनले, "घोडा कशाला? माझ्या मेव्हन्याची सोताची मोटार हाय." साऱ्या बाजाराला तुझ्या मोटारीचं सांगत फिरतेत, आन तुझ्याम्होरं पाटी धरून उभे ऱ्हातेत. तू माघारी गेलास त्या दिशी मी तर रडलेच, पन हेबी जेवले न्हाईत. तुझं निरांजन मी अजून घासलं न्हाई. तू ये, मोटार चालू ठिवूनच दारापर्यंत ये. पाटीची काळजी करू नको. सागाची चांगली फळी हाय ती, आन लग्नाच्या चुलवनाला मला जळन कमीच पडतंय.