पन्नासाची हळद

१२ जून, शुक्र.
शेजारच्या रमेशदादाच्या पोरीचं लग्न. परवानगीच्या कागदावर माणसं पन्नास. दादा म्हणतो, "पन्नास लग्नाला ना? हळदीचं कुटं लिवलंय?" बेटेगावात एकेक दीडशहाणा. आरोग्य केंद्रातून दम आला तेव्हा नवीन अक्कल निघाली: हळद पाळीपाळीने! पन्नास आले, हळद लावली, जेवले, उठले की पुढचे पन्नास. वर मलाच, "ताई, तू आशा वर्कर हायस, तूच दाराशी ऱ्हा मोजायला."

१४ जून, रवि.
दुपारपासून मांडवाच्या दाराशी मी, रजिस्टर, सॅनिटायझर. चार पाळ्या. एकावन्नावा एक मावसा घुसत होता, हाकलला. "एवढा माज?" हो, एवढाच! मास्क सगळ्यांच्या हनुवटीला. हळदीची वाटी चारी पाळ्यांना एकच. सांगून तोंड दुखलं.
आई धवलारीण, तिच्या गाण्यांशिवाय इथं हळद लागत नाही. चारी पाळ्या गायली. दर पाळीच्या बाया तिला खेटून सूर धरायला. घसा पार बसला. मीच कोमट पाणी नेऊन दिलं.
रजिस्टर चोख. ५०, ५०, ५०, ४७.

१९ जून, शुक्र.
नवरीच्या आत्याला ताप, मग काकाला. दादा: "हवा बदललीय गो, दुसरं काय!" हवा म्हणे. डोकं बदलून मिळतं का कुठे, ते बघ मेल्या.
आई खोकतेय. म्हणते, गाण्याचा घसा हाय.

२१ जून, रवि.
आई पॉझिटिव्ह. पालघरला नेली, ऑक्सिजन लावलाय. मी घरातच अडकले. आमच्या दारावर क्वारंटाइनचा स्टिकर मीच चिकटवला. दादाचा फोन: "आमी तर नियमानंच केलं सगळं." फोन आपटला.
मग रजिस्टर काढलं. एकशे सत्त्याण्णव नावं. आईचं एकाही पाळीत नाही. गाणारीला पाहुण्यांत कोण धरतं? मीही नाही धरली. दादा मूर्ख, गाव मूर्ख, आणि मी सगळ्यांची शिरोमणी. लाज वाटते.

२३ जून, मंगळ.
नर्सने दोन मिनिटं फोन दिला. आईला धाप. शब्द तुटत होते.
"पयल्या पाळीलाच उठून जावंसं वाटलेलं गो. पन बघितलं, तू दाराशी हायस. म्हनलं, माजी पोरगी बसलीय राखायला, मना काय हुतंय."
नर्सने फोन घेतला, सकाळी परत लावा म्हणाली.