फक्त ह्यांनीच वाचावे

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, दि. २२ जानेवारी

चि. शांभवीस अज्जीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझे अज्जा सांगतात, म्हणून पत्रच बरं. मी सांगते, हे लिहितात. चाळीस वर्षं ह्यांनी कचेरीबाहेर बसून लोकांची खरेदीखतं न् मृत्युपत्रं लिहिली. आता शेवटचं गिऱ्हाईक मी.

पत्रास कारण की, राजारामपुरीत दुकानादुकानांत आत्तापासनं तांबडे फुगे लागलेत. फुलवाला म्हणाला, अज्जी, गुलाब सांगून ठेवा, चौदा फेब्रुवारीला प्रेमाचा सण हाय. मी विचारलं, मग पंधराला काय असतं. तो म्हणाला, पंधराला जरबेरा असतोय. हा सण कुणी काढला, देव कुठला, नैवेद्य काय, ते बेंगळूरच्या शहाण्या माणसांना विचारून सविस्तर लिही. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, एकदा करून बघावा म्हणते.

दुसरं, ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. हे म्हणतात, काही न्हाय, धुकं पडलंय. भर दुपारी बाराला, एकट्या ह्यांच्यापुरतं. खरं सांगायचं तर भ्यालेत. (सदर विधान लेखकास मान्य नाही. दृष्टी उत्तम आहे.)

माया आहेच, तिच्या बदल्यात दोन ओळी जास्त लिही.

तुझी अज्जी,
नीलम्मा (अंगठा)


बेंगळूर, दि. २७ जानेवारी

ती. अज्जी व अज्जांस शि. सा. न. वि. वि.

अज्जी, या सणाचं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही. रोममध्ये व्हॅलेंटाईन नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू होते म्हणतात. बादशहानं सैनिकांना लग्नबंदी केली, कारण लग्न झालेला शिपाई लढाईला जाताना मागं वळून बघतो. हे गुरुजी चोरून लग्नं लावायचे. सापडले, आणि चौदा फेब्रुवारीला त्यांचं डोकं उडवलं. दुसरी कथा अशी, की तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी आंधळी होती. त्यांच्या प्रार्थनेनं तिला दिसू लागलं, आणि मरणाआधी त्यांनी तिला चिठ्ठी लिहिली, खाली सही, तुझा व्हॅलेंटाईन. अभ्यासक दोन्ही कथांवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. प्रेमाशी नातं जुळलं ते हजारेक वर्षांनी, इंग्लंडातल्या कवींमुळं; फेब्रुवारीच्या मध्याला पाखरं जोडीदार निवडतात असं त्यांना वाटायचं. आता कार्ड, गुलाब, चॉकलेट. नैवेद्य नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी त्या दिवशी लाल कपडे घालायचं फर्मान आलंय. मी निळे घालणार.

मला फेब्रुवारीत यायला जमणार नाही, रजा शिल्लक नाही. जेवण अजून डब्याचंच. सर्दी आहे.

अज्जा, ऑपरेशन करून घ्या. गेल्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या.

रागावलात तरी चालेल, विसरू नका.

आपली,
शांभवी


कोल्हापूर, दि. १ फेब्रुवारी

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. पोट भरलं. तू स्वतः भाकरी थापायला लागलीस आणि ती फुगते सुद्धा, हे ऐकून शेजारच्या माईंना लगेच सांगून आले. साहेबानं चारचौघांत तुझं कौतुक केलं, त्याला माझा आशीर्वाद कळव. चौदा तारखेला तू येणार म्हणून माडीवरची खोली झाडून घेतली. होळगीचं पुरण त्याच दिवशी घालते.

व्हॅलेंटाईन रोमच्या तालमीतला पैलवान होता, हे मला नवीन. राजानं अट घातली, सात मल्ल चीत कर आणि माझी लेक घेऊन जा. त्यानं सहा केले, सातव्याच्या वेळी ती गॅलरीत दिसली आणि ह्याचं लक्ष गेलं. आपल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात असं कितीजणांचं झालं असेल. पण त्याचा दूध-बदामाचा खुराक कोण बघत होतं, ते तू लिहिलं न्हाईस.

ह्यांच्या डोळ्यांबद्दल तू एक अक्षर लिहू नयेस, याचं नवल वाटलं. (दृष्टी उत्तम असल्याने लिहिले नसावे. — लेखक)

वाट बघणारी,
अज्जी (अंगठा)


बेंगळूर, दि. ५ फेब्रुवारी

ती. माईंना सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या शेजारी आणि जन्मभर शिक्षिका, म्हणून तुम्हालाच विनवते. अज्जीला मी जे लिहिलंच नाही ते ऐकवलं गेलंय. अज्जांना वाचता येईनासं झालंय, असं मला वाटतं. माझ्या मागच्या पत्राची नक्कल सोबत आहे. अज्जा घरात नसताना ती अज्जीला वाचून दाखवाल का? आणि मी येणार नाही, हे जरा बेतानं सांगा.

आपली विद्यार्थिनी,
शांभवी


कोल्हापूर, दि. ९ फेब्रुवारी

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

आज हात माईंचा. हे मठात प्रवचनाला गेलेत.

पोरी, घाबरू नको. मला दिवाळीपासनं ठाऊक हाय. तुझं दिवाळीचं पत्र हे मोठ्या तालात वाचत होते आणि कागद उलटा धरला होता. मला अक्षर येत न्हाय, पण रेघ अक्षराच्या डोक्यावर असते, पायाखाली नसते, एवढं त्रेपन्न वर्षांत दिसलंय की. मी गप्प बसले. सगळ्या तालुक्याचं लिहिणं ज्यानं केलं, त्याला तुम्हाला दिसत न्हाय म्हणून बायकोनं कसं सांगायचं? लिहितात ते नुसत्या बोटांच्या सवयीनं.

पण परवा मोरीच्या पायरीवर पाय चुकला. खरचटण्यावर भागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर नजर कायमची जाईल. आता गप्प बसून चालायचं न्हाय.

माईंनी तुझं खरं पत्र वाचलं. पैलवान जाऊन गुरुजी आले, जरा निराशा झाली. पण माणूस कामाचा. त्याची ती चिठ्ठी मला पटली. आम्ही दोघींनी एक पत्र लिहून पाकिटात घातलंय, खळीनं चिकटवलंय. चौदा तारखेला ह्यांच्या हातात देणार आणि सांगणार, त्रेपन्न वर्षांत तोंडानं बोलले न्हाय ते आत हाय, फक्त तुम्हीच वाचायचं, दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतलंत तर मी निघाले गडहिंग्लजला माहेरी. माईंनी लिहून दिलंय हे सांगणार, पण माईंना शपथ घातलीय. लिहिताना त्या दोनदा लाजल्या. (एकदाच. — माई)

आता हे जातात कुठं? आत काय हाय, ते तुलाही सांगत न्हाय.

तू येणार न्हाईस ते कळलं. खोली झाडलेली वाया जात न्हाय.

तुझी,
अज्जी (अंगठा)


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, दि. १२ मार्च

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ आणि ओळखून घे. ओळी शाळेतल्या पोरींसारख्या रांगेत बसल्यात.

पाकीट चौदाला दिलं. हे म्हणाले, निवांत वाचतो, आणि खिशात ठेवलं. पंधराला उन्हात धरून बघितलं. सोळाला माईंना सहज विचारलं, की साधारण विषय काय असेल. माई म्हणाल्या, शपथ आहे. सतराला ह्यांना जेवण गेलं न्हाय. अठराला सकाळी टोपी घालून दारात उभे आणि मला म्हणतात, आवर, दवाखान्यात जायचंय, तुझ्याच मनासारखं होऊ दे. एक डोळा झाला, दुसरा एप्रिलात. टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना विचारलं म्हणे, वाचता कधी येईल.

चष्मा मिळाला त्या दिवशी मोरीला आतनं कडी लावून पाकीट फोडलं. मी बाहेर गहू निवडत बसले. हे बाहेर आले ते डोळा पुसत. (औषधाचा थेंब. — लेखक)

आता तुला आतला मजकूर जसाच्या तसा सांगते: शांभवीचं खरं पत्र मी माईंकडनं ऐकलं, लई आळणी हाय. रजा न्हाय, डबा, सर्दी. तुम्ही वाचता त्यातली पोर भाकरी करते, सणाला घरी येते. तवा दिसायला लागलं म्हणून बदल करायचा न्हाय, पुढं बी तुमचंच वाचायचं. खाली तुमची नीलम्मा. एवढंच.

तुझं परवाचं पत्र ह्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, एकेक ओळ वाचून दाखवलं. तू घोडा घेतलास आणि त्याच्यावरनं ऑफिसला जातेस, हे ऐकून बरं वाटलं. बेंगळूरच्या गर्दीत तेच शहाणपणाचं. सिग्नलला थांबलीस की त्याला गूळ देत जा, आणि उतरताना डाव्या बाजूनं उतर.

तुझी अज्जी,
नीलम्मा (अंगठा)