आधी माझं दोन परत दे

पहूर,
रामनवमीनंतरचा गुरुवार

हिरवी बत्ती लागली म्हणजे केळी पिकली, असं तुमच्या पुण्यात असेल. आमच्याकडे हिरवी केळी हिरवीच असते. ती तशीच्या तशी रामनवमीच्या उपासाला धुळ्याला जाऊन पोचली, अर्ध्या धुळ्याने माझ्या नावाने खडे फोडले, आणि तू फोनवर म्हणतो, फुई, प्रोग्राम आता पहिल्यापेक्षा किती स्वच्छ झाला! स्वच्छ करायला तुला सांगितलं कोणी होतं? होळीला आला होतास, पुरणपोळी खायची, झोपायचं, जायचं. माझ्या डब्यात हात कशाला घातला?

(चिरंजीव हितेंद्र यास फुईचा, म्हणजे तुमच्या पुण्यातल्या आत्याचा, आशीर्वाद. हे वर लिहायचं असतं, मला माहीत आहे, पण राग आधी आला आणि वरची जागा धरून बसला. तब्येत सांभाळ. माझी बरी आहे, गुडघा सोडून. तुझ्या फुवांची तर बरीच असते, त्यांना काही होत नाही, जे व्हायचं ते मला होतं. आणि पत्र का लिहिते म्हणशील, तर फोन केला की तू मीटिंगमध्ये असतो. कागद मीटिंगमध्ये नसतो. चौथीपर्यंत शिकले तेवढं आज कामाला येतंय.)

तुझी आठवण सोयीपुरती असते म्हणून पहिल्यापासून सांगते. कॉलेजात होतास तेव्हा तूच आमच्या केळी पिकवायच्या खोलीबाहेर हा डबा लावलास. खोलीत कच्च्या केळीच्या फण्या क्रेटमध्ये बंद असतात, सारखं दार उघडून बघता येत नाही, गारवा जातो. म्हणून तू आत एक वायर सोडली, तिच्या टोकाला वास घेणारं नाक बसवलं, आणि म्हणालास, फुई, आता दार उघडू नको, डब्याला विचार. डब्याला एकच प्रश्न होता, ‘काढायची का?’ आणि तो आकड्यात उत्तर द्यायचा. शून्य म्हणजे नाही. एक म्हणजे काढ. दोन म्हणजे होत आली आहे, अंगठा दाबून बघ आणि मग ठरव. आणि वजा एक म्हणजे मला काहीच कळत नाही, वायर बघ. इतका प्रामाणिक डबा मी दुसरा पाहिला नाही. माणसांतसुद्धा नाही. कळत नाही तर कळत नाही म्हणायचा.

आणि त्या आकड्यांची आम्हाला किती सवय लागली होती ते तुला काय सांगू! फुवा ओसरीवरून ओरडले, जेवण झालं का, की मी आतून ओरडायची, दोन! (म्हणजे भाकरी तव्यावर आहे, हातपाय धुवा.) शेजारची सारिका पाटा मागायला आली आणि मला द्यायचा नसला, पण वाईटही व्हायचं नसलं, तर दोन. धुळ्याचे भिकमचंद शेठ, जे आपला सगळा पिकलेला माल घेतात, ते गाडी कधी पाठवू विचारायचे. मी नुसतं दोन म्हणायची आणि शेठ समजायचे. त्यांच्या मोबाइलवरही तूच ते डब्याचं उत्तर दिसायची सोय करून दिली होती. तुझे फुवा तर जन्माचे वजा एक. लग्नात बोहल्यावर उभे होते तेव्हाही वजा एकच होते. पण निदान त्यांना काय म्हणायचं ते या डब्यामुळे मला सापडलं. वीस वर्षं शब्द नव्हता.

तर होळीला तू आलास, दुपारी लॅपटॉप उघडून जुनं काम बघितलंस आणि कपाळाला हात लावलास. म्हणे हे मी लिहिलंय? लाज वाटते, फुई. म्हणे खरं-खोटं सांगायला आकडे वापरायचे दिवस गेले, आता प्रोग्राम लिहायच्या सी भाषेतच बूल नावाची चीज पक्की बसली आहे, खरं नाहीतर खोटं, दोनच उत्तरं, सगळी दुनिया आकडे काढून बूल लावते आहे. म्हणे तुझ्या प्रश्नातच ‘का’ आहे, ‘का’ म्हटलं की उत्तर हो किंवा नाही, बाकीचं अडगळ. मी म्हटलं, कर बाबा, तुझाच डबा. (मी पुरण वाटत होते. बाईला पुरण वाटताना काही विचारलं तर ती होच म्हणते, हे तुझ्या आईने तुला शिकवायला हवं होतं.) संध्याकाळपर्यंत आकडे गेले आणि दोन बत्त्या आल्या. लाल म्हणजे थांबा, हिरवी म्हणजे काढा. दिसायला झकास. भटूने तर हळदकुंकू वाहिलं.

भटू म्हणजे आपला खोलीवरचा माणूस, तुला माहीत आहेच, धुळ्याकडचा, सांगितलं तेवढं करतो आणि त्याच्या पुढे एक बोट करत नाही. रामनवमीच्या आधी मला एका कामासाठी दोंडाईचाला जावं लागलं. (कोणत्या कामासाठी ते तुला माहीत आहे. त्यावर खाली लिहिते. आत्ता माझं डोकं केळीत आहे.) इकडे भटूने खोली झाडली, झाडताना क्रेट सरकवले आणि क्रेटखाली ती नाकाची वायर तुटली. जुना डबा असता तर वजा एक दाखवून गप्प बसला असता. तुझ्या नव्या डब्याने लख्ख हिरवी बत्ती लावली. भटूने दार उघडलं तर समोर केळी हिरवीगार. मी आल्यावर त्याला विचारलं, अरे डोळे कुठे होते तुझे? तर म्हणतो, “अक्का, केळी बी हिरवी शे, बत्ती बी हिरवी शे, मंग मी काय करू?” आता याला काय बोलणार! तिकडे शेठच्या मोबाइलवरही ‘काढा’ उमटलं, त्यांनी गाडी पाठवली, भटूने भरून दिली.

रामनवमीला सकाळी शेठचा फोन. कधी आवाज चढवत नाही तो माणूस. म्हणाले, “बेबाबाई, हे केळं आहे का मुसळ? माझा हातगाडीवाला सोलायला गेला तर त्याचं नख उलटं झालं!” उपासाची बायामाणसं पाटीभर केळी घेऊन परत दुकानावर. एका म्हाताऱ्या बाईंनी म्हणे शेठच्या गल्ल्यावर केळं आपटून दाखवलं, गल्ला हलला, केळं नाही. शेवटी शेठच्या सूनबाईंनी कढई मांडली आणि दुकानापुढेच केळीचे वेफर तळायला घेतले. ते बघून गल्लीतल्या सगळ्या बायांनी आपापल्या घरी तेच केलं. दुपारपर्यंत वास थेट हायवेपर्यंत. माल काही वाया गेला नाही, उलट दोघीतिघींनी पुढच्या एकादशीला अशीच कडक केळी मिळतील का विचारलं. पण त्याने मी गप्प बसणार नाही. शेठ माझ्या शब्दावर न बघता गाडी पाठवत होते. आता म्हणतात, बेबाबाई, आधी मोबाइलवर फोटो पाठवा. फोटो! मला!

मग मी तुला पकडला. तीन वेळा मीटिंग, चौथ्या वेळी सापडलास. तू सगळं ऐकून हळूच म्हणालास, अरे हो. ते ‘अरे हो’ मी विसरणार नाही. म्हणालास, फुई, मी बाहेरचा प्रकार बदलला, पण आत जुनीच उत्तरं राहिली. आत डबा अजून दोन आणि वजा एकच म्हणतो. पण बूलच्या दारातून बाहेर येताना, शून्य सोडून जे काही असेल ते सगळं ‘हो’ होतं. तो सी भाषेचा नियमच आहे. म्हणजे होत आली तरी हो. कळत नाही तरी हो. वायर तुटून पडली, नाकच नाही, तरी हो! हा कसला नियम रे? आमच्या गावात असा एक माणूस आहे, कशालाही हो म्हणणारा, त्याला आम्ही निवडून दिला आणि आता पस्तावतो आहोत. तो नियम तुम्ही यंत्रात घातलात?

तू म्हणालास की दुरुस्त करून देतो, आकड्यांच्या जागी नावं घालतो, ‘पिकते आहे’, ‘बिघाड’ अशी. मला नावं नको. तुझं बूलही नको. दुनिया लावते आहे तर दुनियेला लावू दे, दुनियेला केळी पिकवायची नाही. मी काय केलं ते ऐक. हिरव्या बत्तीवर काळी चिकटपट्टी लावली. लाल बत्तीवर पण लावली. भटूला सांगितलं, डबा मेला असं समज आणि मला हाक मार. आता मी दर वेळी दार उघडते, अंगठा दाबते, गारवा जातो तर जाऊ दे. आणि ‘का’ म्हटलं की हो किंवा नाही, हे मला शिकवू नको. पोरगी बघायला येतात, पोहे खातात, चहा पितात, उठताना काय म्हणतात? ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणतात. ते हो आहे का नाही? आपल्या जातीपातीत, नात्यागोत्यात, सगळा व्यवहार त्या मधल्या उत्तरावर चालतो. ते काढलंस तर माणसं एकमेकांची डोकी फोडतील. माझं दोन मला परत दे. जसं होतं तसं. वजा एकासकट.

तुझी,
फुई बेबाबाई

ता. क. वायर भटूने सेलोटेप लावून जोडली आहे. चालते का बघितलं नाही, कारण बत्त्या झाकलेल्या आहेत.

ता. क. दुसरं. आता दोंडाईचाचं. दिवाळीत तू मयुरीला बघून आलास. दोन वेळा पोहे घेतलेस, मी मोजले नाहीत, तिच्या आईने मोजले. उठताना म्हणालास, कळवतो. तेव्हापासून मी तुझ्या नावाने त्या घरात दोन-दोन करत बसले आहे. रामनवमीच्या आधी तेच करायला गेले होते म्हणून इकडे केळी गेली. या खेपेला आईऐवजी मयुरीच बोलली. म्हणाली, फुई, मला नंदुरबारच्या दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली आहे, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, हजर व्हायचं आहे. त्यांचं हो आलं तर माझं हो आहे, मी पुण्यात काम शोधीन. नाही आलं तर मी नंदुरबारला जाईन, मला काही वाईट वाटणार नाही. पण ‘कळवतो’ घेऊन मी कुठल्या गाडीत बसू? हे तिने मला विचारलं. मला, हितेंद्र! मी चहा संपवला आणि उठले.

तेव्हा वर जे काही लिहिलं ते केळीसाठी लिहिलं. केळीला अंगठा दाबून बघता येतो, पोरीला ताटकळत ठेवता येत नाही. आखाजीच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे, आणि उत्तर तुझ्याच नियमाने धरीन. शून्य आलं तर शून्य, मी स्वतः दोंडाईचाला जाऊन सांगेन आणि मयुरीला नंदुरबारच्या गाडीत बसवून येईन. शून्य सोडून काहीही आलं, दोन आलं, वजा एक आलं, ‘फुई, मीटिंगमध्ये आहे’ आलं, किंवा तुझी वायरच तुटली आणि काहीच आलं नाही, तर ते सगळं हो. आखाजीला साखरपुडा. फुवांना मी विचारलेलं नाही, त्यांचं उत्तर मला माहीत आहे, आणि तुझ्या भाषेत तेही हो होतं. सोमवार, संध्याकाळ. कळव.