नुसता हात

भोकरदन,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादास,

सुमीचा जय भीम. वहिनी आणि पिल्लू मजेत असतील. इथं सगळं बरं आहे, असं लिहिलं आणि तो कागद फाडला. हा दुसरा. फोनवर आई कानाशीच उभी असते, म्हणून टपाल.

अकरावीला सध्या नॉर्मल फोर्स, म्हणजे जमीन वस्तूला खालून वर ढकलते तो जोर, शिकवून राह्यले. निम्मा वर्ग डोळे झाकून 'वजनाएवढाच' लिहितो. तूही तेच लिहायचास, म्हणे इंजिनिअर! घसा फोडून सांगते, ठोकळा एकटा काढा, आजूबाजूचं पुसा, मंग त्याला कोण दाबतं, कोण उचलतं तेवढेच बाण काढा. वरून कुणी उचलून धरलं, की खालच्या जमिनीचा बाण लहान होतो.

आणि घरी मीच फसले! डॉक्टरांनी अप्पांचं वजन विचारलं होतं. लकवा झाल्यापासून ते आईला धरूनच उभे राहतात. रामरावकाकांच्या दुकानातला पोत्यांचा काटा आणला. वजन चौदा किलोनं उतरलेलं! मी काटा पुन्हा तपासला. मंग दिसलं, आईचा हात त्यांच्या काखेत.

"आई, सोड की."

"नुसता हात लावून राह्यले गं."

मला कुठं चैन! अप्पांना खुर्चीत बसवलं, आईला काट्यावर चढवलं. आधी एकटीला, मंग तिथूनच अप्पांना उभं करायला लावलं. बराबर चौदानं वाढली. मी हसले, पुराव्यासकट पकडलं म्हणून. आई कंबर धरून खालीच बसली.

साडीखाली पट्टा आहे, दादा. मणका सरकलाय. एकटीच जालन्याला दाखवून आल्ती. भरलेली बादलीसुद्धा उचलायची न्हाई, असं सांगितलंय तिला. मी कॉलेजला गेले की अप्पांना दिवसभर तीच उठवते. 'भूषणला कळवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील,' म्हणाली. शपथ मोडली मी.

मागं तू म्हणालास, "आई आहे ना." फार राग आला होता. अजून आहे.

जमिनीचं बरं असतं, जेवढं टाकाल तेवढं ती वर ढकलते, तक्रार न्हाई. आई तेच करून राह्यली. पण ती जमीन न्हाई रे.

फोन करून विचारू नकोस, ती ठणठणीत म्हणेल. जल्दी ये. दुसऱ्या काखेत हात घालायला.

आईची शपथ मोडलेली,
सुमी